एकच पोचा, दोन डबे

प्रिय तन्मय आणि रेवा,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलताना मी फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर टेकवून ठेवला होता. तेव्हा रेवाने विचारलं, "आजी, तुझ्या त्या दोन डब्यांना एकाच जागी सेम पोचा कसा काय?" तुमचे बाबा तुमच्या मागेच उभे होते. ते तसेच खोलीबाहेर गेले. म्हणजे तीन वर्षांत त्यांनी तुम्हाला यातलं काहीच सांगितलेलं नाही, हे मला कळलं. मला आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. सांगायचं तर आत्ताच सांगावं.

तन्मय, तू इंटरनेटवर लोकांचे अमानवीय अनुभव वाचत बसतोस असं तुझी आई म्हणत होती. हा तिथे टाकायचा असेल तर टाक. पण जसाच्या तसा... तिखटमीठ लावू नकोस. यात भूत नाही, स्मशान नाही, पिंपळ नाही. सगळं दिवसाढवळ्या झालं आहे. यात एक एसटी आहे आणि एक डबा.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. मी धुळ्यात छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. वर्गात एखाद्या मुलीच्या अंगात आलं की बाकीच्या मुली हात जोडायच्या. मी तिला ग्लासभर पाणी देऊन विचारत असे, "सकाळी काय खाऊन आलीस?" नव्वद टक्के वेळा उत्तर असायचं — काही नाही. माझ्या दृष्टीने प्रत्येक गोष्टीला असं एखादं उत्तर असतं, फक्त ते विचारावं लागतं.

आता डब्याबद्दल. स्टीलचा, कडीचा, साधारण तीन किलो मावेल एवढा. माझ्या लग्नात आईने दिलेला. त्यावर माझं नाव टोचून घेतलेलं आहे. टोचणाऱ्याचं मशीन शेवटच्या अक्षराशी घसरलं आणि एक वाकडी रेघ थेट बुडापर्यंत गेली. आई त्याच्याशी भांडली होती, पण रेघ राहिली. तुमचे बाबा पाच वर्षांचे असताना या डब्यावर उभे राहून फळीवरचा गूळ काढायला गेले आणि डब्यासकट पडले. त्यांच्या हनुवटीखाली दोन टाक्यांची खूण आहे ती तेव्हाची, आणि डब्याला पोचा आहे तोही तेव्हाचा. पोच्यामुळे झाकण एकाच बाजूने नीट बसतं. म्हणून मी झाकणावर एक आणि डब्यावर एक, असे लाल ऑइलपेंटचे दोन ठिपके दिले आहेत. ठिपक्यासमोर ठिपका आणला की झाकण बसतं. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत मी ते ठिपके नव्याने रंगवले, तेव्हा डब्यावरच्या ठिपक्यात ब्रशचा एक केस चिकटून राहिला. तो काढायचा मी कंटाळा केला.

हे सगळं लक्षात ठेवा.

ते वर्ष मला फारसं बरं गेलं नव्हतं. दोनदा दूध उतू जाऊन गॅस विझला. एकदा किल्ली बाहेरच्या कुलपाला तशीच राहिली. एकदा फोनवर मी रेवाला तुमच्या आत्याच्या नावाने हाक मारली. तुमच्या बाबांनी हे सगळं टिपून ठेवलं होतं. टिपून ठेवायची सवय त्यांना माझ्याकडूनच लागली आहे, त्यामुळे तक्रार नाही. त्यांचं म्हणणं असं, की मी यापुढे एकटीने राहू नये. नाशिकला ज्येष्ठांसाठी एक चांगला निवास आहे, तिथे खोली घ्यावी आणि हे धुळ्यातलं देवपूरचं घर बंद करावं. मी म्हटलं, "दिवाळीनंतर बघू." ते म्हणाले, "आई, अजून एक जरी गोष्ट झाली तर मी ऐकणार नाही."

भाऊबीजेला मी दर वर्षीप्रमाणे जळगावला नानाकडे निघाले. नाना म्हणजे माझा थोरला भाऊ. सकाळी डबा भरला — तळाशी चकल्या, वर शंकरपाळे, सगळ्यात वर रव्याचे लाडू. तो कापडी पिशवीत घातला आणि रिक्षाने स्टँडवर गेले.

भाऊबीजेच्या दिवशी धुळ्याचा स्टँड तुम्ही पाहिलेला नाही. बस फलाटाला लागायच्या आधीच लोक खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत टाकून जागा धरतात. ज्याचा रुमाल त्याची जागा, हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण पाळतात सगळे. मी गर्दीच्या मागे उभी होते. माझ्या शेजारी चाळिशीतली एक बाई होती. सुती लुगडं, खांद्याला टॉवेल, हातात प्लॅस्टिकची फुगलेली पिशवी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अहिराणीत म्हणाली, "माय, तुम्ही आठेच उभ्या ऱ्हा. गर्दीमा नका घुसू. मी धरस जागा."

तिने टॉवेल एका खिडकीतून टाकला. ती तिची जागा झाली. माझ्यासाठी टाकायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने हातातली पिशवी वर केली आणि शेजारच्या सीटवर लोटली. पिशवी खिडकीच्या पत्र्याला अडकून फाटली. करंज्या आणि लाडू बाहेरच्या बाजूने खाली आले आणि लोकांच्या पायांखाली गेले. तिने वाकून दोन-तीन उचलायचा प्रयत्न केला. मग सोडून दिलं, कारण मागून रेटा आला.

आम्हाला जागा मात्र मिळाली. दोघींना, शेजारी-शेजारी.

कंडक्टर तिकिटं देत आला. "आजी, पंच्याहत्तर पूर्ण का? कार्ड दाखवा, फुकट जा."

"अजून एक वर्ष आहे. अर्धंच द्या."

"प्रामाणिक आहात. सगळ्या बहिणी आजच निघाल्या राव... भाऊ लोक घरी बसून वाट पाहताहेत आणि आम्ही इथं चेंगरतोय."

मागून एक बाई म्हणाली, "मग तुम्ही का नाही बसले घरी?"

"माझी बहीण बोदवडला ओवाळायला बसलीय. येऊ का तुमची बस सोडून?"

सगळे हसले. माझ्या शेजारची बाई हसली नाही. ती मांडीवर फाटकी पिशवी घेऊन तिला गाठी मारत होती. आत फक्त चार-पाच करंज्या उरल्या होत्या, त्याही मोडक्या.

पारोळा गेल्यावर मी विचारलं, कुठे जायचंय. तिचं नाव कमलबाई. धरणगावला भावाकडे निघाली होती. एरंडोलला उतरून दुसरी गाडी घ्यायची.

"नऊ वरीसनंतर चालनू, माय," ती म्हणाली. "आनि रिकामा हात."

मग तिने थोडक्यात सांगितलं. आई गेली तेव्हा निरोप उशिरा मिळाला आणि ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. भाऊ चार लोकांसमोर एवढंच बोलला — "आत्ते कसाले उनी?" म्हणजे, आता कशाला आलीस? त्या दिवसापासून बोलणं बंद. या वर्षी भाचीने परस्पर फोन केला, "आत्या, ये." भावाला माहीत नव्हतं. चार दिवस शेतातून आल्यावर बसून तिने त्या लाडू-करंज्या केल्या होत्या.

मी माझी डब्याची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "हा घ्या."

"नही माय! तुमना भाऊले काय?"

"माझ्या भावाला शुगर आहे. त्याला गोड खाऊ देत नाहीत. आणि तुमचं माझ्या जागेपायी सांडलं."

यात माझा मोठेपणा काही नव्हता. तिने माझ्यासाठी जागा धरली, त्यात तिचं नुकसान झालं, ते मी भरून दिलं. आधी मी डब्यातला फराळ काढून तिच्या पिशवीत ओतणार होते. पण फाटक्या पिशवीतून नेलेला फराळ बाजारचा वाटतो, डब्यातून नेला की घरचा. म्हणून म्हटलं, डब्यासकट न्या.

तिने झाकण उघडलं. मी तिला ठिपके दाखवले, ते कसे जुळवायचे ते सांगितलं. तेवढ्यात कंडक्टर परतला. "डबा उघडला? मग आमचा वाटा!" कमलबाईने सगळ्यात वरचा लाडू उचलून त्याच्या हातावर ठेवला. "ल्या भाऊ. बहीन आठे बी शे." म्हणजे बहीण इथेही आहे. तो लाडू तोंडात टाकून पुढे गेला.

नावावरून बोट फिरवत तिने विचारलं, "भाऊ इचारी, ह्या कोन? तर काय सांगू?"

"सांगा, मैत्रीण आहे."

"डबा वापस करसू, माय. भरीसन करसू."

"देवपुरात येऊन इंग्रजीच्या बाई कुठे राहतात ते विचारा. कुणीही सांगेल."

एरंडोलला ती उतरली. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून रस्ता ओलांडून धरणगावच्या गाडीकडे गेली. हे मी खिडकीतून स्वतः पाहिलं.

नानाने दारातच विचारलं, "हे काय उषे, हात हलवत? फराळ वाटेत खाल्लास?" मी सगळं सांगितलं. तो वहिनीला म्हणाला, "ऐक. आयुष्यात कुठल्या पोरीला अर्धा मार्क वाढवून दिला नाही हिने, आणि आईचा डबा एसटीत देऊन आली!" मला ते लागलं, कारण खरं होतं. पण ओवाळताना तो हळूच म्हणाला, "बरं केलंस."

दोन दिवसांनी दुपारी मी घरी परतले. कुलूप जसंच्या तसं होतं. घराची दुसरी किल्ली तेव्हा कुणाकडेच नव्हती. किल्ली कुलपाला राहिल्याच्या प्रकारानंतर मी शेजाऱ्यांकडचीही मागून घेतली होती. कामाला येणारी रेखा तिच्या माहेरी गेली होती. माझ्याकडे भांड्यांची वही आहे, ती तुम्ही पाहिली आहे. मी आधी ती काढली. 'कडीचे मोठे डबे — ४' असं होतं, तिथे चारावर रेघ मारून तीन लिहिलं. पुढे कंसात लिहिलं, 'एक कमलबाईंना, भाऊबीज'. मग मान वर केली.

फळीवर चार डबे होते.

तो आपल्या जागी होता. खालून दुसरी फळी, डावीकडून तिसरा. मी खाली काढला. रेघ, पोचा, लाल ठिपका, ठिपक्यात ब्रशचा केस. झाकण उघडलं. आत स्वच्छ, कोरडा आणि रिकामा.

मी खुर्चीवर बसले. भीती वाटली असं म्हणणार नाही. मी विचार केला. पहिली शक्यता — कमलबाईने डबा परत आणून दिला. पण कुलूपबंद घरात, फळीवर, त्याच जागी? आणि मुख्य म्हणजे तो रिकामा होता. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर घालतात. माझ्या आईने कधी केला नाही, शेजारच्या रुबिनाभाभींनी ईदेला नेलेला केला नाही. आणि ही बाई तर स्वतःच्या तोंडाने 'भरीसन', म्हणजे भरून, म्हणाली होती. म्हणजे हा डबा परत आलेला नव्हता. परत आलेला नव्हता, तर तो गेलेलाच नव्हता.

मग मी एसटीत काय दिलं? मी काही दिलं तरी का? नाना एवढंच सांगू शकत होता की मी रिकाम्या हाताने आले. बाकी सगळं मीच त्याला सांगितलेलं.

मी ही गोष्ट तुमच्या बाबांपासून लपवू शकले असते. पण काही झालं तर सांगेन, असा त्यांना दिलेला शब्द होता. रविवारी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "आई, तुला भीती वाटली का?"

"नाही."

"मला वाटतेय."

मी स्मृतीच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी तीन शब्द दिले आणि पाच मिनिटांनी विचारले. मी तिन्ही सांगितले, वर त्यांच्या फलकावरची इंग्रजीतली एक चूकही सांगितली. ते म्हणाले, सगळं वयाच्या मानाने उत्तम आहे. पण उत्तम स्मृतीच्या माणसाला न दिलेला डबा दिल्याचं कसं आठवतं, हे त्यांनी सांगितलं नाही. मीच तुमच्या बाबांना फोन केला आणि नाशिकला जायला तयार आहे म्हणून कळवलं. हे मुद्दाम लिहिते आहे. त्यांनी मला ढकललं नाही. माझा माझ्यावरचाच भरवसा गेला होता.

जानेवारीत ते एकटे आले. तुमच्या शाळा सुरू होत्या. संक्रांतीला दोन दिवस होते. सकाळी अकराच्या सुमारास आम्ही स्वयंपाकघर आवरत होतो. टेबलावर तीन ढीग होते — न्यायचं, द्यायचं, टाकायचं. तो डबा तुमच्या बाबांच्या हातात होता. ते त्याला वर्तमानपत्र गुंडाळत होते आणि मी सांगत होते, "तो 'द्यायचं'मध्ये ठेव. मला तो नको आहे." तेवढ्यात बेल वाजली.

रेखाने दार उघडलं आणि ओरडून सांगितलं, "बाई, धरणगावचे कोणी आलेत!"

कमलबाई होती. तिच्यामागे पांढऱ्या टोपीतला पन्नाशीचा माणूस. तिच्या हातात कोऱ्या फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

"सापडनं ना घर!" ती म्हणाली. "इंग्रजीन्या बाई इचारं तं रिक्षावाला पैसाच ले ना. तुमना विद्यार्थी शे म्हने. नापास व्हयेल."

तो माणूस म्हणजे तिचा भाऊ, दगाभाऊ. खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाला, "ह्याच का त्या? मला वाटलं खोटं बोलते. हिची मैत्रीण आणि इंग्रजीची बाई?"

"दखा," कमलबाई मला म्हणाली, "अजून बी टोमनाच मारस."

"खरं सांगतो बाई," दगाभाऊ म्हणाला, "त्या दिवशी मी हिला दारातूनच वाटेला लावलं असतं. पण आमच्या मंडळींनी आधीच हातातला डबा घेतला. आता डबा घेतला म्हणजे कोणाचा, कुठला, विचारणं आलं. परत द्यायचा म्हणजे काय भरायचं, तेही आलं. हिच्याशी बोलल्याशिवाय कसं व्हायचं? बोलता बोलता..." त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "मग म्हटलं, तिळाचे लाडू झाले की दोघं जाऊन देऊ."

कमलबाईने फडकं सोडलं.

डबा तिळाच्या लाडवांनी काठोकाठ भरलेला होता. नाव. घसरलेली रेघ. पोचा. लाल ठिपका, त्यात ब्रशचा केस.

तुमच्या बाबांनी आपल्या हातातल्या डब्याचं वर्तमानपत्र सोडलं आणि तो डबा टेबलावर तिच्या डब्याशेजारी ठेवला. सगळं सारखं पाहून कमलबाई कौतुकाने म्हणाली, "बठ्ठं सारखं! जुळा शेतस का माय?"

तुमचे बाबा खाली वाकले. त्यांनी एका पोच्यावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या. मग त्यांचा हात आपोआप हनुवटीकडे गेला. फोनचा टॉर्च लावून त्यांनी नावाचे टोचे पाहिले. लाडू परातीत काढायला लावले आणि दोन्ही डबे माझ्या वजनकाट्यावर ठेवले. वजन सारखंच. त्यांनी कमलबाईला तीन वेळा विचारलं, हा डबा कुणी दिला, कुठे दिला. ती तीनही वेळा तेच सांगत होती, आणि तिसऱ्यांदा जरा वैतागून — "आते माय बशेल शे समोर, तिलेच इचारा ना!"

पाहुणे जेवून गेले. तुमचे बाबा गॅलरीत जाऊन फोनवर बोलले. आत येऊन म्हणाले, "नाशिकचं रद्द केलं. सगळं परत जागेवर लावू या." तेवढंच. संध्याकाळपर्यंत आम्ही फळ्या लावल्या. मधल्या वेळात रेखाने सवयीने दोन्ही डबे घासून पालथे घातले. घरातला कोणता आणि धरणगावहून आलेला कोणता, हे त्या क्षणापासून कुणालाच सांगता येत नाही.

मला सुचलेले खुलासे लिहिते. आईने तेव्हा दोन डबे घेतले असतील — पण पोचा तुमच्या बाबांच्या पडण्याचा आहे, आणि ते एकदाच पडले. कुणी हुबेहूब नक्कल केली असेल — कुणी, आणि कशाला? मी दोन्ही डब्यांना ठिपके दिले आणि विसरले असेन — तरी ब्रशचा केस त्याच जागी, त्याच वळणाचा कसा? मी डबा दिला होता हे आता सिद्ध झालं. तो त्याच वेळी घरात होता, हेही मी वहीत लिहून ठेवलं आहे. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, असं मी आयुष्यभर मानत आले. तीन वर्षं झाली. अजून मला उत्तर मिळालेलं नाही, आणि कुणाला विचारावं तेही कळत नाही.

दर भाऊबीजेला मी जळगावला जाताना एरंडोलला खिडकीतून त्या दोनांतला एक डबा कमलबाईच्या हातात देते. ती धरणगावच्या गाडीची वाट पाहत तिथे उभी असते. घरी परतल्यावर मी आधी फळी मोजते. चार असतात, पाच नाही. संक्रांतीला तो भरून परत येतो, कधी तीळ, कधी शेंगदाणे. मग पाच होतात. वहीत तसंच लिहिलं आहे.

पुढेमागे एक डबा तन्मयचा, एक रेवाचा. कोणता कुणाचा यावरून भांडू नका. दोन्ही खालून दुसऱ्या फळीवर आहेत. एकात साखर आहे, एकात पोहे. कोणतंही झाकण कोणत्याही डब्याला बसतं.

तुमची,
आजी